शेवट सांगायचा, पण कुठे?

वाचकाचं पत्र

माझी पहिली कादंबरी चार महिन्यांनी प्रकाशित होते आहे. एका आईची गोष्ट आहे. तिची बारा वर्षांची मुलगी एका दुपारी घरातून बाहेर पडते आणि परत येत नाही. पुढची जवळजवळ तीनशे पानं आई तिला शोधते. मुलीचं काय झालं ते शेवटच्या प्रकरणात कळतं.

प्रकाशनसंस्थेत प्रसिद्धीचं काम बघणाऱ्यांना वाटतं की मुलीचं काय झालं ते मलपृष्ठावरच छापावं आणि आधीच्या मुलाखतींमध्ये मी ते स्वतः सांगावं. 'काय झालं यासाठी आता कुणी वाचत नाही, कसं झालं यासाठी वाचतात,' असं त्यांचं म्हणणं. कोलंबियन लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या, पहिल्याच वाक्यात मृत्यू सांगून टाकणाऱ्या कादंबरीचा दाखला ते देतात. शेवट आधी कळला तर गोष्ट जास्त आवडते, असं दाखवणाऱ्या एका अभ्यासाचाही देतात. पहिला खर्डा वाचलेल्या माझ्या मैत्रिणीनं हे ऐकून कपाळावर हात मारून घेतला.

त्यातच एका छोट्या कार्यक्रमात मी पहिलं प्रकरण वाचलं. नंतर एक बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, 'मुलगी परत येते का, एवढंच सांगा. येत नसेल तर मला हे पुस्तक झेपणार नाही.' मला काही बोलता आलं नाही. शेवट लपवून मी वाचकांना फसवते आहे का? आणि सांगून टाकला तर माझ्या पुस्तकात उरतं काय?

– संभ्रमात पडलेली लेखिका

उत्तर

प्रिय लेखिका,

मलपृष्ठावर शेवट छापू देऊ नका. मुलाखतीत सांगू नका. त्या बाईंना मात्र सांगा.

ही उत्तरं एकमेकांच्या विरोधात जातात असं वाटेल, म्हणून नीट मांडते. शेवट आधी सांगण्याला माझा विरोध नाही. जगातल्या कितीतरी थोर कथांनी तो सुरुवातीलाच सांगितला आहे. पण त्यांनी तो कथेच्या आत सांगितला, कुणाच्या तरी तोंडून, निवडलेल्या जागी, निवडलेल्या शब्दांत. तुम्हाला सुचवलं जातंय ते वेगळं आहे. पुस्तकाच्या बाहेर, तुमची एक ओळही वाचकाच्या कानावर पडण्याआधी, जाहिरातीच्या भाषेत तो सांगून टाकायचा. या दोन गोष्टी एकच आहेत असं समजून तुमच्याशी वाद घातला जातो आहे, आणि म्हणूनच तुम्ही गोंधळला आहात. (पुढे काही जुन्या पुस्तकांचे शेवट येतील. ज्यांना ती अजून वाचायची आहेत त्यांनी सांभाळून वाचावं.)

मार्केसपासूनच सुरुवात करू. 'क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड' ही त्यांची छोटी कादंबरी १९८१ची. पहिल्या वाक्यात सांतियागो नासार मारला जाणार हे कळतं, आणि लवकरच कोण मारणार तेही. प्रसिद्धीवाल्यांचं इतपत खरं आहे. पण त्या कादंबरीत राखून काय ठेवलंय ते बघा. प्रत्यक्ष हत्या अगदी शेवटच्या पानांवर येते. ज्या मुलीच्या अब्रूसाठी तिचे भाऊ त्याला मारतात, तिच्या बाबतीत दोषी खरंच तोच होता का, याचं उत्तर पुस्तक संपलं तरी मिळत नाही. सगळ्या गावाला माहीत असलेली हत्या कुणीच कशी थांबवली नाही, हा त्या कादंबरीचा गाभा. तो जाणवायचा तर वाचकालाही ती गावाइतकीच आधी ठाऊक असायला हवी. म्हणजे पहिलं वाक्य तिथे वाचकाला गावकऱ्यांच्या रांगेत नेऊन उभं करतं. ते वाक्य काढून मलपृष्ठावर टाकलं असतं तर हे घडलंच नसतं.

आपल्याकडे तर याहून जुनी उदाहरणं आहेत. वाल्मीकि रामायणाच्या बालकांडातला पहिला सर्ग काढा. वाल्मीकि विचारतात, या काळात सर्वगुणसंपन्न असा पुरुष कोण आहे? नारद त्यांना सगळी रामकथा थोडक्यात सांगून मोकळे होतात. वनवास, सीताहरण, लंका, रावणवध, राज्याभिषेक, अगदी पुढच्या राज्यकाळापर्यंत. त्यानंतर हजारो श्लोकांचं काव्य उरतंच. महाभारताच्या आदिपर्वात तर आंधळा धृतराष्ट्र संजयापुढे एकामागून एक प्रसंग आठवत जातो आणि प्रत्येक वेळी म्हणतो की हे ऐकलं तेव्हाच माझी विजयाची आशा संपली. द्रौपदीचं स्वयंवर, द्यूतसभा, भीष्म, द्रोण, कर्ण… युद्ध सुरू व्हायला अजून कितीतरी पर्वं आहेत, आणि त्याचा निकाल ऐकणाऱ्याला कळलेला आहे. पण कुणाकडून? ज्याचे शंभर मुलगे गेले त्या बापाकडून. निकाल हाती येतो तोच शोकात भिजलेला. 'कौरव हरतात' ही बातमी आणि धृतराष्ट्राचा तो विलाप यांत जे अंतर आहे, तेच तुमच्या शेवटच्या प्रकरणात आणि मलपृष्ठावरच्या दोन ओळींत असेल.

या अंतराचं सगळ्यात बोलकं उदाहरण मला टॉल्स्टॉयच्या बाबतीत सापडतं. 'आन्ना करेनिना' १८७५ पासून 'रूस्की वेस्तनिक' या मासिकात क्रमशः येत होती. १८७७ मध्ये शेवटचा, आठवा भाग राहिला. सर्बियात लढायला जाणाऱ्या रशियन स्वयंसेवकांबद्दल टॉल्स्टॉयनं त्यात जे लिहिलं होतं ते संपादक मिखाईल कात्कोव यांना पटलं नाही. त्यांनी बदल मागितले, टॉल्स्टॉयनं नकार दिला. मग कात्कोवनी तो भाग छापलाच नाही. त्याऐवजी मासिकात एक छोटी टीप दिली. नायिकेच्या मृत्यूबरोबर कादंबरी खरं तर संपलीच आहे, पुढे फक्त एवढंच घडतं की आन्नाचा प्रियकर व्रॉन्स्की स्वयंसेवक होऊन सर्बियाला जातो, बाकी मंडळी सुखरूप आहेत, आणि कादंबरीचा दुसरा नायक, जमीनदार लेविन आपल्या खेड्यात बसून स्वयंसेवकांवर चिडतो, अशा अर्थाची. टॉल्स्टॉयनं आठवा भाग स्वतःच्या खर्चानं वेगळा छापला.

आता ती टीप आणि तो भाग शेजारी ठेवून बघा. टिपेत चूक म्हणावी असं फारसं काही नाही. व्रॉन्स्की खरंच युद्धावर जातो. पण पुस्तकात तो फलाटावर येरझाऱ्या घालत असतो, त्याची दाढ भयंकर ठणकत असते, आणि रुळांकडे नजर जाताच त्याला रेल्वेखाली जीव दिलेल्या आन्नाचं शेवटचं रूप आठवतं आणि त्या क्षणी दाढेचं दुखणं कुठल्या कुठे जातं. लेविन खरंच खेड्यात राहतो. पण पुस्तकात तो इतका खचलेला असतो की गळफास घेऊ नये म्हणून दोर दृष्टीआड ठेवतो, आणि एका शेतकऱ्यानं सहज काढलेल्या उद्गारानं त्याच्या आत काहीतरी हलतं. मग वादळ येतं, बायको आणि तान्हं मूल बाहेर रानात असतात, त्यांच्यासाठी तो धावतो. टिपेत यातलं काहीच नाही, आणि असूच शकलं नसतं. शेवटाचा सारांश बिनचूक असूनही त्यात शेवट नसतो. तो वाचणाऱ्याला मात्र वाटतं की आता आपल्याला कळलं. खरं नुकसान इथे होतं. शेवट कळल्याचा भ्रम घेऊन तो पुस्तक हातात घेतो, किंवा घेतच नाही.

आता त्या अभ्यासाबद्दल. तो खरा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या केंद्रात जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी तो केला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध केला. बारा लघुकथा घेतल्या. काही वाचकांना कथेआधी शेवट उघड करणारा परिच्छेद दिला, काहींना नुसती कथा. शेवट आधी कळलेल्यांनी कथांना एकंदरीत थोडे जास्त गुण दिले. पण २०१५ मध्ये बेंजामिन जॉन्सन आणि जुडिथ रोझेनबॉम यांनी अशीच तपासणी केली आणि उलट उत्तर आलं. शेवट न कळलेल्या वाचकांना कथा अधिक रंगतदार आणि उत्कंठेची वाटली. तेव्हा 'विज्ञानानं सिद्ध झालंय' असं म्हणायची सोय नाही. त्याहून महत्त्वाचं असं की हे वाचक समोर ठेवलेली कथा वाचायला बसलेलेच होते. पुस्तक उचलायचं की नाही हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. मलपृष्ठ ज्याच्यासाठी असतं त्यानं अजून काहीच ठरवलेलं नसतं. आणि एका बैठकीत संपणारी कथा कुठे आणि रात्रीमागून रात्र सोबत करणारी तीनशे पानं कुठे. लघुकथेवरून कादंबरीचा निकाल लावू नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

तुम्ही विचारलंय, मी वाचकांना फसवते आहे का. या प्रश्नाचा आदर वाटला, कारण याच मुद्द्यावर इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप भांडले होते. 'बार्चेस्टर टॉवर्स' (१८५७) या कादंबरीत मध्येच थांबून ते वाचकाला सांगतात की माझी विधवा नायिका तिच्यामागे लागलेल्या त्या दोघा पुरुषांपैकी कुणाशीही लग्न करणार नाही, निश्चिंत राहा. लेखकानं आणि वाचकानं एकमेकांवर पूर्ण विश्वास ठेवून सोबत चालावं, पात्रांच्या नशिबाबद्दल वाचकाला अंधारात ठेवू नये, अशी त्यांची भूमिका. मला ती भूमिका आवडते. पण नायिका कुणाशी लग्न करणार हे त्यांनीही तिथे सांगितलेलं नाही, आणि जे सांगितलं ते पुस्तकातच सांगितलं.

फसवणूक कधी होते ते सांगते. निवेदकाला माहीत आहे, तो ज्याच्या डोळ्यांनी आपल्याला दाखवतोय त्या पात्रालाही माहीत आहे, आणि केवळ धाकधूक वाढावी म्हणून तो ते आपल्यापासून दडवतोय. तेव्हा वाचकाला आपल्याला खेळवलं असं वाटतं, आणि ते बरोबर असतं. तुमच्या कादंबरीत आईला माहीत नाही. वाचकालाही नाही. दोघं एकाच अंधारात चालतात. यात कसली फसवणूक? फक्त एकदा हस्तलिखित घेऊन बसा आणि तपासा की आईला एखादी गोष्ट कळली आणि तुम्ही ती वाचकापासून पुढच्या प्रकरणापर्यंत लांबवली, असं कुठे झालं आहे का. झालं असेल तर ती जागा दुरुस्त करा.

मलपृष्ठावर शेवट छापला तर नेमकं काय बिघडेल तेही इथेच दिसतं. वाचक आईच्या पुढे निघून जाईल. ती पोलीस ठाण्यात फोटो देत असेल, अनोळखी गावाची बस पकडत असेल, फोन वाजला की धावत असेल, आणि वाचकाला मुलीचं काय झालं हे आधीच माहीत असेल. तिच्या प्रत्येक हालचालीकडे तो वरून बघेल, कदाचित करुणेनं. ही एक वेगळी कादंबरी झाली. ती वाईटच असेल असं नाही. एखादी फार मोठी कादंबरी अशी असू शकेल. पण ती तुम्ही लिहिलेली नाही. तुम्ही प्रत्येक वाक्य लिहिलंत ते वाचकाला काही माहीत नाही असं धरून. मलपृष्ठावरच्या दोन ओळींनी ती सगळी वाक्यं एका फटक्यात दुसऱ्या पुस्तकातली होतात, आणि त्यांना त्या कामासाठी कुणी घडवलेलं नाही.

प्रसिद्धीवाल्यांच्या म्हणण्यात तथ्य असेल का, हे कळायचा एक मार्ग आहे आणि तो फक्त तुमच्या हातात आहे. ते सांगताहेत ती गोष्ट पहिल्या पानावर लिहून बघा. जाहिरातीच्या शब्दांत नको, तुमच्या निवेदनात, आईच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या आवाजात. मग पहिली तीन प्रकरणं तो शेवट जाणून असलेल्याच्या नजरेनं पुन्हा लिहा. वाक्यं ताठ होत असतील, आधी न दिसलेलं काही दिसू लागलं असेल, तर प्रकाशन पुढे ढकला आणि पूर्ण पुस्तक तसं लिहा. चार महिने त्यासाठी अपुरे आहेत, पण पहिली कादंबरी एकदाच निघते. तसं काही झालं नाही आणि प्रकरणं नुसतीच सपाट वाटली, तर त्यांच्यापुढे ठेवायला तुमच्याकडे ठोस कारण असेल. मला दुसरी शक्यता जास्त वाटते, कारण तुम्ही वर्णन केलेल्या कादंबरीचा कणाच न कळण्यात आहे.

ते कदाचित हर्क्युल प्वारो या कादंबऱ्यांतल्या गुप्तहेराचंही उदाहरण देतील, म्हणून आधीच सांगून ठेवते. अगाथा ख्रिस्तींनी 'कर्टन' ही प्वारोची अखेरची कादंबरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून बाजूला ठेवली होती. ती १९७५ मध्ये बाहेर आली. पुस्तक येण्याआधीच, ६ ऑगस्ट १९७५ रोजी, 'न्यू यॉर्क टाइम्स'नं पहिल्या पानावर प्वारोच्या निधनाची बातमी दिली, एखाद्या खऱ्याखुऱ्या माणसाची द्यावी तशी. मग नायकाचा मृत्यू आधीच सांगून कुठे बिघडलं, असं ते विचारतील. उत्तर असं की वाचक प्वारोला १९२० पासून ओळखत होते. पंचावन्न वर्षांच्या ओळखीचा माणूस जाणार म्हटल्यावर लोक त्याला निरोप द्यायला पुस्तक घेतात. शिवाय खुनाचं कोडं पुस्तकातच राहिलं होतं. तुमच्या मुलीला अजून कुणी ओळखत नाही. पहिल्या प्रकरणात तिचं बोलणं, तिचा हट्ट, जाताना ती काय म्हणाली हे वाचल्यावरच ती वाचकाची कुणीतरी होईल. त्याआधी ती परत आली काय आणि न आली काय, वाचणाऱ्याला ती वर्तमानपत्रातल्या आतल्या पानावरची चार ओळींची बातमी आहे.

मग शेवट कुणालाच सांगायचा नाही का? सांगायचा, ज्यांच्या कामाला तो लागतो त्यांना. संपादकाला आणि प्रकाशकाला तो माहीत हवाच. तुम्ही दिलेल्या सारांशात तो होताच असेल. मुखपृष्ठ काढणाऱ्या चित्रकाराला गरज असेल तर सांगा. डिकन्स 'द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड' लिहीत होते तेव्हा चित्रकार ल्यूक फिल्ड्स यांना कोडं पडलं की एका पात्राच्या गळ्याला इतका लांब, दुहेरी वेढ्याचा गळपट्टा कशाला. डिकन्सनी आधी विचारलं, गुपित ठेवाल? आणि मग सांगितलं की त्या गळपट्ट्यानंच ड्रूडचा गळा आवळला जातो. फिल्ड्सनी ही आठवण १९०५ मध्ये सांगितली. जून १८७० मध्ये डिकन्स गेले, ठरलेल्या बारा भागांपैकी सहाच लिहून झाले होते, आणि त्या कादंबरीचा शेवट काय असावा यावर आजही वाद चालतो. चित्रकाराला चित्र बरोबर यावं म्हणून सांगितलेली ती एक गोष्ट या वादातल्या मोजक्या साक्षींपैकी एक आहे.

तुमच्या गोष्टीत कुणाच्या खऱ्या आयुष्यातलं काही आलं असेल तर त्या माणसालाही छापण्याआधी सांगा, समोर बसून.

आणि ज्यांना सांगाल त्यांना शक्यतो तोंडी सांगू नका, पानं द्या. विशेषतः पुढच्या कादंबरीच्या वेळी हे लक्षात ठेवा, कारण तेव्हा मैत्रिणी आणि वाचक आधीच विचारायला लागतील. लिहून न झालेला शेवट बोलून दाखवला की त्यावर वाटाघाटी सुरू होतात. कॉनन डॉयल यांनी १८९१ मध्ये आईला पत्रात कळवलं की आपल्या गुप्तहेर नायकाला, शेरलॉक होम्सला संपवायचा विचार आहे. आईनं कडाडून विरोध केला. होम्स कड्यावरून कोसळला तो थेट डिसेंबर १८९३ मध्ये. आईमुळे आपल्याला आणखी काही उत्तम कथा मिळाल्या, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे, पण लेखकाचा निर्णय दोन वर्षं अडला हेही खरं. याउलट लिहिलेली पानं दाखवली की बोलणं पानांवर होतं. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा शेवट छापायला जाण्याआधी त्यांचे कादंबरीकार मित्र एडवर्ड बुल्वर-लिटन यांनी वाचला आणि तो बदलावा असं सुचवलं. डिकन्सनी १८६१ मध्ये बदललेला शेवट छापला. मूळचा शेवट डिकन्सच्या मृत्यूनंतर जॉन फॉर्स्टर यांनी लिहिलेल्या चरित्रात लोकांसमोर आला. मला मूळचाच जास्त आवडतो. पण निदान निवड दोन लिहिलेल्या गोष्टींमधली होती.

आता त्या बाई. तुमच्या पत्रातला हा भाग मी सगळ्यात जास्त वेळा वाचला. त्यांनी उत्सुकतेपोटी विचारलेलं नाही. उत्सुक माणूस 'नसेल तर झेपणार नाही' असं म्हणत नाही. त्यांच्या आयुष्यात काय आहे ते आपल्याला माहीत नाही आणि विचारायचंही नाही. पण एक माणूस स्वतःला सांभाळण्यासाठी काही विचारतोय, आणि ते तुम्ही देऊ शकता. तुमचं पुस्तक त्यामुळे जराही कमी होत नाही. जाहीर करणं आणि एका माणसाला उत्तर देणं यांत फार मोठा फरक आहे. मलपृष्ठ ज्यांनी विचारलेलं नाही त्यांनाही सांगतं. त्या बाईंनी विचारलं होतं.

कार्यक्रमाच्या आयोजकांकडून त्यांच्यापर्यंत निरोप पोचत असेल तर पोचवा. पुन्हा कुणी असं विचारलं तर त्यांना बाजूला घेऊन म्हणा, 'तुम्हाला खरंच आधी जाणून घ्यायचं असेल तर मी सांगते. पुस्तक नाही वाचलंत तरी काही हरकत नाही.' त्यांनी हो म्हटलं तर सरळ सांगा. एका वाक्यात सांगा, आणि तिथे 'पण त्यात एक वेगळी आशा आहे' वगैरे जोडू नका. त्यांना निर्णय घ्यायचा आहे, तुमच्या शैलीची ओळख करून घ्यायची नाही.

आणि असे वाचक अनेक असतील. त्यांच्यासाठी पुस्तकातच सोय करता येते. सुरुवातीला, श्रेयनामावलीच्या पानावर, एक ओळ छापा: या कादंबरीत मूल हरवल्याचा अनुभव आहे, कथेतल्या क्लेशदायक घटनांची माहिती आधी हवी असल्यास ती शेवटच्या पानावर दिली आहे. शेवटच्या पानावर मग साध्या शब्दांत काय घडतं ते लिहा. ज्याला हवं तो उलटून बघेल. ज्याला नको त्याच्या नजरेसमोर ते येणार नाही. काही प्रकाशक असं करतात, आणि तुमच्या विषयाला ते फार आवश्यक आहे.

प्रसिद्धीवाल्यांना नुसतं 'नाही' म्हणून पाठवू नका. त्यांनाही लोकांपुढे काहीतरी न्यायचं आहे, आणि ते तुमच्या बाजूचे आहेत. त्यांना एक रेषा आखून द्या. एखादं प्रकरण ठरवा, समजा पाचवं, आणि लिहून कळवा की तिथपर्यंतचं सगळं मोकळेपणानं सांगा, त्यापुढचं काही नको. मुलगी गेली त्या दुपारची हकिकत द्या, आईचा स्वभाव द्या, शोधात तिला पहिल्यांदा कोण खोटं बोलतं ते द्या. मुलाखतीत कुणी शेवट विचारलाच तर 'ते शेवटच्या प्रकरणासाठी ठेवलंय' म्हणा आणि आईबद्दल बोलायला लागा. खोटं उत्तर देऊन दिशाभूल मात्र करू नका. आज 'येते' म्हणालात आणि पुस्तकात ती आली नाही, तर ज्यानं विश्वास ठेवला तो तुमचं दुसरं पुस्तक उघडणार नाही.

आणि एवढं करूनही कुणी शेवट फोडला तर? फोडू दे. त्यावर वाद घालू नका, खुलासे देऊ नका. हॅरी पॉटर मालिकेतल्या सातव्या पुस्तकाच्या पानांचे फोटो २१ जुलै २००७ या प्रकाशनाच्या तारखेआधीच इंटरनेटवर फिरले होते. लाखो लोकांनी तिकडे न बघायचं ठरवलं आणि पुस्तक उघडलं. वाचकाला स्वतःचं वाचन जपता येतं, आपण त्याला थोडी मदत करायची.

शेवटी एक जागा, जिथून शेवट सगळ्यात जास्त वेळा फुटतो आणि जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: प्रस्तावना. एखाद्या ज्येष्ठ समीक्षकाकडून ती लिहून घ्यायचं ठरलं असेल तर ते प्रेमानं पूर्ण कथानक उलगडतील, कारण अर्थ लावायचा तर शेवटाबद्दल बोलावंच लागतं. त्यांना अडवू नका. ते लेखन कादंबरीच्या मागे, परिशिष्टासारखं छापा, आणि तसं त्यांना लिहायला बसण्याआधीच कळवा. अनुक्रमणिकाही बघून घ्या. शेवटच्या प्रकरणाच्या शीर्षकातच सगळं सांगून टाकलेलं नाही ना, अर्पणपत्रिकेतून काही सूचित होत नाही ना. मलपृष्ठाचा मजकूर स्वतः लिहून या आठवड्यातच प्रकाशकांना पाठवा. कोऱ्या जागेवर वाद होतात. तयार मजकूर समोर असला की बहुतेक वेळा तोच छापला जातो.